गावचे देऊळ : मुंबई बेटावरील प्राचीन चर्चेस आणि खोताची वाडी

गिरगावातील खोताची वाडी पाहावयास येणारे अभ्यासक आणि हौशी छायाचित्रकार एक प्रश्न हमखास विचारतात : या गावाचे मूळ चर्च कोणते? प्रश्न वाजवी आहे. वसईच्या पट्ट्यात किंवा वांद्र्यात साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी स्थापन झालेले चर्च बोट दाखवून सांगता येते. दक्षिण मुंबईत ते तसे सांगता येत नाही. वाडीच्या तोंडाशी, रस्त्यापलीकडे संत तेरेझाचे चर्च आहे, वाडीच्या आत एक लहानसे कपेल आहे. पण येथील ख्रिस्ती वस्तीची मुळे या दोहोंहून जुनी आहेत आणि ती शोधू गेल्यास आपण एका मोकळ्या मैदानात, एका प्रयोगशाळेत आणि एका सिमेंट काँक्रीटच्या आधुनिक चर्चमध्ये जाऊन पोहोचतो. मुंबई बेटावरील प्राचीन ग्रामदेवळांचे पुढे काय झाले, त्यांतील काय टिकले व काय गेले, याची माहिती वाचकांसमोर एकत्रितपणे ठेवावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम दोन शब्दांविषयी. आपले पूर्वज चर्चला 'देऊळ' म्हणत आणि जुन्या पिढीच्या बोलीत तो शब्द अजून ऐकू येतो. या लेखात तो त्याच अर्थाने वापरला आहे. दुसरा शब्द 'मध्ययुगीन'. युरोपच्या इतिहासात मध्ययुग पंधराव्या शतकाच्या अखेरीस संपते. आपल्याकडील इतिहासलेखनात मात्र मराठेशाहीपर्यंतचा काळ मध्ययुगात धरण्याची प्रथा आहे. त्यामुळे सोळाव्या-सतराव्या शतकांतील आपली देवळे मध्ययुगीन म्हटली जातात, ती या हिशेबाने.

बेटांवरील गावे आणि त्यांची देवळे

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने पोर्तुगीजांशी केलेल्या वसईच्या तहाने वसईबरोबर मुंबईची बेटेही पोर्तुगिजांच्या हाती आली. तेव्हा मुंबई हे शहर नव्हते. माहीम, वरळी, परळ, माझगाव, शीव अशी खाडीपाण्याने तुटक झालेली गावे होती. कोळी मासे धरीत, कुणबी भात पिकवीत, भंडारी माडाची ताडी काढीत. फ्रान्सिस्कन संघाचे धर्मगुरू आणि त्यांच्यामागून आलेले येशूसंघीय या गावांतून फिरले आणि जेथे श्रद्धावंतांचा समुदाय उभा राहिला, तेथे चर्च उभे राहिले.

आपल्या विषयापुरती पाच नावे ध्यानात ठेवावीत. माहीमचे संत मायकलचे चर्च बेटावरील सर्वांत जुन्या स्थानांपैकी एक. त्याच्या स्थापनेचे वर्ष १५३४ असे सर्वत्र लिहिले जाते. परंतु तह त्याच वर्षाच्या डिसेंबर अखेरीस झाला, हे पाहता हे वर्ष परंपरेने चालत आलेले म्हणून घ्यावे हे बरे. दादरचे तारणमातेचे, म्हणजे साल्वासांवचे चर्च फ्रान्सिस्कनांनी १५९६ साली स्थापन केले. माझगावचे ग्लोरिया चर्च तेथील जमीनदार डिसोझा ई लिमा घराण्याच्या आश्रयाने १६३२ साली उभे राहिले. परळ येथे येशूसंघीयांचे चर्च व निवास होता. डॉ. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७३ साली मुंबईत आला, त्याच्या प्रवासवर्णनात परळच्या या चर्चचा व त्याच्या जमिनीचा उल्लेख येतो. पाचवे, आशामातेचे म्हणजे एस्पेरांसाचे चर्च. हे फ्रान्सिस्कनांचे चर्च दक्षिणेकडे, आजच्या धोबी तलाव आणि चर्चगेटच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात होते. गिरगाव आणि काव्हेल येथील ख्रिस्ती समाजाच्या दृष्टीने हेच मूळ देऊळ. काव्हेल हे नावच 'कोळीवार' या शब्दावरून आले असावे, असे काही अभ्यासक मानतात. इतर काही ते पोर्तुगीज 'कपेला' शब्दाशी जोडतात. पहिले मत आम्हास अधिक पटते, कारण तेथील सर्वांत जुने ख्रिस्ती रहिवासी कोळी होते.

गावचे चर्च म्हणजे केवळ रविवारच्या मिस्साची जागा नव्हती. मरणाची वार्ता त्याच्या घंटेने कळे. कापणीनंतरच्या आगेरा सणाला नव्या भाताच्या लोंब्या तेथे आशीर्वादासाठी येत. जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद त्याच्याच दप्तरात होई, कारण सरकार दरबारी अशा नोंदी ठेवण्याची पद्धत पुष्कळ नंतरची. गावाची सीमा क्रुसांनी आखलेली असे आणि त्या क्रुसांपाशी मे महिन्यात लादिन म्हटली जाई. ही सारी व्यवस्था ध्यानात घेतल्याखेरीज देवळाचे जतन म्हणजे काय, हे उलगडत नाही.

१६६१ च्या विवाह-करारान्वये मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, फेब्रुवारी १६६५ मध्ये तिचा प्रत्यक्ष ताबा देण्यात आला आणि १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने घेतली. करारात कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्याची हमी होती. ती बहुतांशी पाळलीही गेली. परंतु पोर्तुगालच्या राजाशी आणि गोव्याच्या आर्चबिशपांशी निष्ठा बाळगणारे धर्मगुरू बेटावर असणे कंपनीला संशयास्पद वाटू लागले. गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत, १७२० साली, पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बेट सोडावे लागले आणि त्यांच्या जागी रोमहून प्रोपागांडाच्या अधिकाराखाली आलेले कार्मेलाईट धर्मगुरू नेमले गेले. याच सुमारास परळची येशूसंघीयांची मालमत्ता कंपनीने जप्त केली.

परळ : भिंती राहिल्या, वेदी गेली

परळच्या चर्चची कहाणी विलक्षण आहे, आणि ती आपल्या लोकांत फारशी माहीत नाही. जप्तीनंतर ती इमारत पाडली गेली नाही. उलट तिची डागडुजी होऊन ती इंग्रज गव्हर्नरांचे ग्रामनिवासस्थान बनली आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, विल्यम हॉर्नबी यांच्या कारकिर्दीपासून, मुंबईचे 'गव्हर्नमेंट हाऊस' म्हणून ओळखली जाऊ लागली. जेथे श्रद्धावंत गुडघे टेकीत, त्या चर्चच्या मध्यदालनात भोजनगृह झाले आणि त्यावर मजला चढवून नृत्यशाळा करण्यात आली. १८७५ साली प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईस आले तेव्हा ते याच वास्तूत उतरले होते. १८८० च्या दशकात भोवती गिरण्या वाढल्या, पाणथळ जागेतील रोगराई वाढली, आणि गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला कायमचा हलला.

यापुढचा भाग आपणास अधिक जवळचा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगची साथ असल्याचे निदान प्रथम केले, ते डॉ. अकासिओ गाब्रियल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय कॅथलिक डॉक्टरांनी. काव्हेलच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे आणि धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. प्लेगवरील लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या याच जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली, आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. येशूसंघीयांच्या देवळाच्या जागी लाखो लोकांचे प्राण वाचविणारी लस तयार झाली, याचे समाधान कोणाही ख्रिस्ती माणसास वाटेल.

तरीही देऊळ या दृष्टीने पाहिले, तर येथे काय उरले? वास्तू उरली. पण तिच्याभोवतीचा धर्मग्राम विरून गेला. परळमध्ये आज त्या चर्चची आठवण कोणत्याही सणात, नवसात वा गाण्यात नाही. वास्तू टिकणे आणि देऊळ टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे परळवरून कळते.

एस्पेरांसा : भिंती गेल्या, क्रूस राहिला

आता गिरगावच्या मूळ देवळाकडे वळू या. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकली. या घटनेने इंग्रज धास्तावले. मुंबईच्या किल्ल्याभोवती खंदक खणला गेला, त्यासाठी व्यापाऱ्यांनीही वर्गणी दिली. पुढे फ्रेंचांशी युद्ध पेटले तेव्हा दुसरी काळजी निर्माण झाली. तटाच्या तोफांसमोर घरे, माडाच्या वाड्या वा उंच इमारती असतील, तर शत्रूला त्यांच्या आडोशाने जवळ येता येईल. म्हणून तटासमोरची जमीन मोकळी करण्याचे काम सुरू झाले. पुढील काही दशकांत ही मोकळी जागा वाढविली गेली आणि १८०३ च्या मोठ्या आगीनंतर ती आणखी विस्तारली. 'एस्प्लनेड' म्हणतात, ते हेच.

या मोकळ्या पट्ट्यात एस्पेरांसाचे चर्च आले. १७६० साली ते पाडण्यात आले. त्याच्या बदल्यात उत्तरेला, काव्हेल-भुलेश्वरच्या बाजूस नवे चर्च बांधून देण्यात आले, आणि त्या भागातील ख्रिस्ती वस्तीही उत्तरेकडे सरकली. भुलेश्वरच्या या चर्चला पुढे दीर्घकाळ मुंबईच्या बिशपांच्या कॅथेड्रलचा मान होता. तो मान नंतर कुलाब्याच्या होली नेम चर्चकडे गेला.

जुन्या जागी राहिला तो एक क्रूस. मैदानाला क्रॉस मैदान हे नाव त्यावरून पडले. आजही तेथे मेणबत्त्या लागतात, फुलांचे हार पडतात, आणि हार घालणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. ज्या तटासाठी चर्च पाडले, तो तट १८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या काळात सरकारनेच पाडून टाकला. तोफा गेल्या, खंदक बुजला, बुरूज गेले. क्रूस तेथेच आहे. आमच्या मते मुंबईतील ख्रिस्ती वारशाच्या कोणत्याही यादीत हा क्रूस अग्रभागी असावयास हवा. पण वारशाच्या सहली त्याच्या बाजूने निघून जातात, कारण तेथे पाहण्यासारखी 'वास्तू' नाही.

१७९४ साली मुंबईत दुहेरी अधिकारक्षेत्र अमलात आले. काही चर्चेस गोव्याच्या आर्चबिशपांकडे, म्हणजे पाद्रोआदोकडे आणि काही प्रोपागांडाच्या विकर अपोस्तोलिकांकडे. या वादाने किती टोक गाठले, हे माहीमवरून कळते. १८५३ साली विकर अपोस्तोलिक बिशप अनास्तासिउस हार्टमान चर्चचा ताबा सुटू नये म्हणून संत मायकलच्या चर्चमध्ये सुमारे पंधरवडाभर स्वतःला कोंडून बसले होते. हा वेढा अखेर मुलकी अधिकाऱ्यांनी उठविला आणि चर्च पाद्रोआदो पक्षाकडे गेले. दुहेरी व्यवस्था पूर्णपणे मिटली ती पोर्तुगालशी झालेल्या १९२८ च्या करारानंतर. या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या काळात शेजारी राहणारी दोन कुटुंबे दोन वेगवेगळ्या बिशपांच्या अधिकाराखाली असत. पूर्वजांच्या स्नानसंस्काराची नोंद शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. जवळच्या चर्चच्या दप्तरात नाव सापडले नाही, तर नोंद नाही असे समजू नये. ती दुसऱ्या पक्षाच्या चर्चमध्ये असू शकते.

दादर, माहीम, माझगाव : जागा तीच, वास्तू नवी

दादरच्या बस थांब्याचे नाव 'पोर्तुगीज चर्च' आहे. पोर्तुगीज मुंबईतून जाऊन साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली. पण कंडक्टर अजून ते नाव पुकारतो. तेथे उतरून जुने पोर्तुगीज धाटणीचे चर्च शोधणाऱ्याची मात्र निराशा होते. समोर दिसते ते काँक्रीटची कवचाकृती उंच छते असलेले, मोकळी आणि बंदिस्त प्रांगणे एकमेकांत गुंफलेले चर्च. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी त्याचा आराखडा केला आणि १९७४ ते १९७७ या काळात ते बांधून झाले. माहीमच्या संत मायकलच्या चर्चची आजची वास्तूही १९७३ ची. या चर्चमधील पवित्र मरियेचे चित्र वांद्र्याच्या डोंगरावरील कपेलातून, मराठ्यांच्या स्वारीच्या काळात येथे आणले गेले, अशी परंपरा आहे. ८ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली नित्य साहाय्य मातेची नोव्हेना येथे दर बुधवारी होते आणि तिला सर्व धर्मांचे लोक गर्दी करतात. म्हणजे वास्तू पन्नास वर्षांची, भक्ती पाऊणशे वर्षांची आणि स्थान जवळजवळ पाचशे वर्षांचे.

माझगावच्या ग्लोरिया चर्चने जागाच बदलली. १९११ ते १९१३ या काळात ते भायखळ्याला गॉथिक शैलीत नव्याने बांधले गेले. ही शंभर वर्षांची वास्तू नुकतीच काळजीपूर्वक दुरुस्त करण्यात आली आणि २०१९ साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत तिचा गौरव झाला. आपले चर्च पाडून नवे बांधावे की जुने दुरुस्त करावे, असा प्रश्न ज्या धर्मग्रामांसमोर आहे, त्यांच्या प्रतिनिधींनी एकदा भायखळ्याला जाऊन यावे.

दादर आणि माहीम येथील जुनी चर्चेस पाडली गेली, त्याबद्दल हळहळ व्यक्त करणारे पुष्कळ भेटतात. आमचे मत थोडे वेगळे आहे. ती चर्चेस त्यापूर्वीही एकाहून अधिक वेळा नव्याने बांधली गेली होती. सोळाव्या शतकातील भिंती विसाव्या शतकापर्यंत जशाच्या तशा उभ्या होत्या, ही समजूत बरोबर नाही. श्रद्धावंतांची संख्या वाढली, व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत लोकांचा सहभाग वाढला, वेदी लोकांकडे तोंड करून आली, आणि या सर्वांसाठी जुन्या अरुंद वास्तू अपुऱ्या पडू लागल्या. नवे बांधणे हा दोष नव्हे. खरी हानी झाली ती बांधकामाच्या गडबडीत. त्या दशकांत ठिकठिकाणच्या चर्चेसमधून कोरीव लाकडी वेदी, प्रवचनमंच, सांगवानी दरवाजे, दगडी स्नानकुंडे, जुन्या थडग्यांवरील लेख जुना माल म्हणून निघून गेले. असे होऊ नये म्हणून परिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजातच बिशपांना स्पष्ट सूचना दिली होती की, पवित्र वस्तू आणि कलाकृती यांची विल्हेवाट लावली जाऊ नये. ती सूचना सर्वत्र वाचली गेली नाही, एवढेच म्हणता येईल.

याच्या उलट उदाहरण बेटाबाहेर, अंधेरीला आहे. सीप्झ औद्योगिक क्षेत्राच्या कुंपणात संत जॉन बाप्टिस्ट चर्चचे अवशेष उभे आहेत. येशूसंघीयांनी १५७९ साली बांधलेले हे मरोळ परिसरातील ईस्ट इंडियन गावांचे देऊळ. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगाने गाव हलले, चर्चही मरोळला नेण्यात आले, आणि जुन्या वास्तूत झाडे वाढली. येथे दर्शनी भिंत आणि कमानी जुन्या आहेत, छप्पर नाही. १९७३ साली सीप्झ सुरू झाल्यापासून तेथे जाण्यास परवानगी लागते. मूळच्या गावकऱ्यांच्या वंशजांनी मात्र आपले नाते सोडले नाही. मे महिन्यात वर्षातून एकदा त्या भिंतींमध्ये मिस्सा अर्पण केला जातो, आणि चर्चची डागडुजी व्हावी ही त्यांची मागणी जुनी आहे. तेथे भिंतीही आहेत आणि लोकही आहेत. नाही ती फक्त मधली वाट.

वाडीचे काय?

खोताची वाडी अठराव्या शतकाच्या अखेरीस वसली. पाठारे प्रभू समाजातील खोतांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले, म्हणून हे नाव. लाकडी सांगाडा, कौलारू छप्पर, पुढे पडवी, बाहेरून चढणारा जिना, अशी येथील घरांची रचना. ती वसईतल्या जुन्या घरांची आठवण करून देते. वाडीतील कपेल प्लेगच्या काळातील असून साथीतून वाचल्याच्या कृतज्ञतेपोटी रहिवाशांनी ते १८९९ साली उभारले, असे सांगितले जाते. त्या साथीच्या काळात उभे राहिलेले क्रूस मुंबईच्या अनेक ख्रिस्ती गावांत आहेत.

एके काळी वाडीत पासष्टच्या आसपास जुनी घरे होती. आता ती तिशीच्याही आत आली आहेत. काही घरांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. कुटुंबे वाढली, वाटण्या झाल्या, दुरुस्तीचा खर्च परवडेना, मुले वसई-विरारला किंवा परदेशी गेली. यात कोणाला दोष द्यावा असे नाही. जुन्या लाकडी घरात राहणे बाहेरच्यास रम्य वाटते, पण पावसाळ्यात छप्पर गळू लागले की घरच्यांस ते पुरते समजते.

बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली एप्रिल १९९५ मध्ये लागू झाली. इमारतींच्या तीन श्रेणी ठरल्या, वारसा परिसर ही कल्पनाही आली. परंतु १९९९ साली नियमांत बदल होऊन तिसऱ्या श्रेणीतील व वारसा परिसरातील उपकरप्राप्त इमारतींना पुनर्विकासासाठी वारसा समितीच्या परवानगीतून बरीच सूट मिळाली. गिरगावसारख्या जुन्या भागात, जेथे अशा इमारती दाटीने आहेत, तेथे या बदलाचा परिणाम मोठा झाला. एकेका घराला संरक्षण देऊन वाडी टिकत नाही. भोवती चाळी पडून मनोरे उठले की हवा, उजेड आणि पाण्याचा निचरा यांचे गणित बदलते आणि उरलेले घरही विकावेसे वाटू लागते.

चर्चचा यात काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. परळला लोक विखुरले, तेव्हा भिंती असूनही देऊळ गेले. गिरगावात लोक एकत्र राहिले, म्हणून देऊळ पाडले गेले तरी धर्मग्राम टिकला आणि नवी चर्चेस उभी राहिली. उद्या वाडीतील उरलेली कुटुंबेही पांगली, तर कपेलावर रंग देण्यास पैसा मिळेलही, पण मे महिन्यात तेथे लादिन कोण म्हणणार? चर्चच्या जतनाची योजना आखताना बहुतेक ठिकाणी छप्पर, भिंती आणि घंटाघर यांचाच खर्च मांडला जातो. आसपासच्या घरांची दुरुस्ती, भाडेकरूंचे हक्क, वृद्ध रहिवाशांची सोय हे धर्मग्राम परिषदेच्या विषयपत्रिकेवर क्वचितच येते. ते यावयास हवे, असे आम्हास वाटते.

काही व्यवहारी गोष्टी

जुन्या चर्चच्या भिंती दगड आणि चुन्याच्या असतात. चुना श्वास घेतो, म्हणजे भिंतीत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडू शकते. त्यावर सिमेंटचा गिलावा केला, की ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि चार-पाच पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरून सुटतो. मग अधिक जाड गिलावा केला जातो आणि भिंत आणखी कुजते. तैलरंगाचेही तेच. कंत्राटदार सिमेंट सुचवितो, कारण त्याच्या गवंड्यांना चुना मळणे ठाऊक नसते. अशा वेळी धर्मग्राम परिषदेने जतनशास्त्र जाणणाऱ्या वास्तुविशारदाचा सल्ला आधी घ्यावा, अंदाजपत्रक नंतर मागवावे.

ख्रिस्तसभेचा कायदाही याबाबत मूक नाही. मौल्यवान, प्राचीन वा कलापूर्ण मूर्ती आणि चित्रे यांची दुरुस्ती करावयाची असल्यास धर्माधिकाऱ्यांची लेखी परवानगी आवश्यक आहे आणि त्यांनीही तज्ज्ञांचा सल्ला घेतला पाहिजे, असे कलम ११८९ सांगते. उत्साही भक्ताने संत अंतोनीच्या जुन्या लाकडी मूर्तीला चकचकीत रंग लावून आणणे, हे या कलमात बसत नाही. एखादे चर्च उपासनेसाठी बंद करून अन्य कामास द्यावयाचे झाल्यास कलम १२२२ लागू होते. गंभीर कारण हवे, धर्मगुरूंच्या मंडळाचे म्हणणे ऐकून घ्यावयास हवे आणि नवा वापर अशोभनीय नसावा. कलम ५३५ अन्वये धर्मग्रामाची नोंदणीपुस्तके, त्यातही जुनी पुस्तके, जपून ठेवणे हे प्रमुख धर्मगुरूंचे कर्तव्य आहे. मुंबईच्या दमट हवेत जुन्या शाईचा कागद लवकर तपकिरी होतो आणि वाळवी लागली की एका पावसाळ्यात पुस्तक जाते. पानांची छायाचित्रे काढून एक प्रत धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात ठेवणे आता सहज शक्य आहे. ज्या वस्तू चर्चमध्ये सुरक्षित ठेवता येत नाहीत, त्यांच्यासाठी मुंबई महाधर्मप्रांताचे वारसा संग्रहालय गोरेगाव येथे आहे.

शेवटचा मुद्दा क्रुसांचा. सार्वजनिक जागांवरील अनधिकृत धार्मिक बांधकामांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी आदेश दिल्यानंतर राज्यांना अशा बांधकामांची छाननी करावी लागली. मुंबईतील अनेक जुन्या क्रुसांना नोटिसा आल्या, आणि एप्रिल २०१७ मध्ये वांद्र्यात एक जुना क्रूस महापालिकेने पाडला, तेव्हा समाजात मोठी खळबळ उडाली. अशा प्रसंगी क्रूस किती जुना आहे आणि जागा कोणाची आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. पुष्कळदा सर्वांत भक्कम पुरावा क्रुसाच्या चौथऱ्यावरच कोरलेला असतो : वर्ष, उभारणाऱ्याचे नाव, कधी नवसाचे कारण. सणापूर्वी दिल्या जाणाऱ्या रंगाच्या थरांखाली ही अक्षरे बुजतात, किंवा नव्या फरश्या बसविताना झाकली जातात. म्हणून आपल्या गावच्या प्रत्येक क्रुसावरील लेख उतरवून घ्यावा, छायाचित्र काढावे, जुना भूमापन नकाशा मिळाल्यास त्यावर क्रूस दाखविला आहे का ते पाहावे, आणि ही सर्व कागदपत्रे चर्चच्या दप्तरात एकत्र ठेवावीत. रंग देणाऱ्यास अक्षरांवर कुंचला न फिरविण्याची सूचना आधीच द्यावी.